दिव्याची गाडी

१ मे २०१७ या दिवशी देशभरातल्या मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र दिन होता, खानदेशात ऐन लगीनसराई होती, आणि मांडवाच्या दारात दिव्याची गाडी उभी राहिली नाही तर वरबापानं छाती कशाच्या जोरावर फुगवायची, हा प्रश्न धुळे-जळगावातल्या कैक घरांत अजून सुटलेला नाही. सरकारनं दिवा काढला. हौस काढायची राहून गेली.

पण त्या निर्णयात एक फट होती. गाडीच्या टपावरचा दिवा काढा, एवढंच त्यात होतं. गाडीच्या आतल्या दिव्याबद्दल अवाक्षर नव्हतं. त्यामुळे आमची गाडी आजही दिव्याची गाडी आहे. टपावरचा दिवा पाहून लोक बाजूला व्हायचे, आतला दिवा पाहून मी बाजूला होतो, एवढाच काय तो फरक.

गाडी पेट्रोलवरची, धुराच्या नियमांनुसार बीएस-४ जातीची, २०१४ सालची आणि मूळची पुण्याची. एका नातेवाइकानं परदेशी जाताना ती आम्हाला रास्त भावात दिली. नंबर एमएच १२. जळगावात सगळीकडे एमएच १९ आणि धुळ्यात एमएच १८, त्यात ही बारा नंबरची गाडी पहिल्या दिवसापासून जरा वेगळी पडली. पुण्याची असल्यामुळे दुसऱ्याच्या उणिवा दाखवून देण्याची तिला सवय असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण ती स्वतःचीच उणीव दाखवू लागली, आणि तेही रोज सकाळी, किल्ली फिरवल्याबरोबर. पुण्याच्या मानानं हे नवीनच होतं.

वेगाच्या काट्याखाली पिवळ्या रंगात एक चित्र उजळतं. गाडीबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तिकेच्या म्हणण्याप्रमाणे ते इंजिनाचं चित्र आहे. खानदेशात आजवर ते कुणालाही इंजिन वाटलेलं नाही. यावलकडे केळीचे मळे असलेले आमचे एक चुलतभाऊ शेजारच्या सीटवर बसले, चित्राकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "पाण्याची मोटर चालू दिसते भो. लाइट आली वाट्टे!" आणि त्यांनी खरोखरच खिशातून फोन काढून मळ्यात फोन लावला. तिकडे लाइट आलेली नव्हती. तेव्हापासून घरात त्या दिव्याचं नाव 'मोटार' पडलं. "आज मोटार चालू आहे का?" असं सौभाग्यवती विचारतात तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटतं, आमच्याकडे शेती आहे.

हा दिवा इंजिन बंद पडणार म्हणून लागत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याला इंजिनापेक्षा धुराची काळजी जास्त. गाडीच्या मागच्या नळीतून जे बाहेर पडतं ते मर्यादेपलीकडे घाण होऊ लागलं, की गाडीनं ते मालकाला सांगावं, यासाठी तो बसवलेला. अमेरिकेत १९९६पासूनच्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे तिचा दुसरा, कडक टप्पा एप्रिल २०१३मध्ये आला. म्हणजे जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच असं यंत्र निघालं, जे आपण होऊन मालकाला सांगतं की, 'साहेब, माझ्यामुळे लोकांना त्रास होतोय.' असल्या यंत्राचा सत्कार व्हायला हवा होता. त्याऐवजी आमच्या जिल्ह्यातला प्रत्येक जाणता माणूस ते गप्प कसं करायचं याचा सल्ला द्यायला पुढे आला.

पहिला सल्ला जळगावातल्या मिस्तरींचा. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. पूर्वी हे मिस्तरी बॉनेट उघडायचे, कान लावायचे आणि सांगायचे. आता ते स्टिअरिंगखालच्या खाचेत एक डबी खोचतात आणि मोबाइलकडे बघून सांगतात. निदान बदललं नाही. पूर्वी ज्याला 'कचरा आलाय' म्हणायचे, त्याला आता 'सेन्सर गेलाय' म्हणतात. पण त्या दिवशी मोबाइलवर आकडा उमटला आणि मिस्तरींचा चेहरा गंभीर झाला.

"सर, चारशेवीस आहे."

"कोण?"

"गाडी."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पी ०४२०. जगातल्या सगळ्या मोटारींच्या दोषांना ठरलेले क्रमांक आहेत, आणि धूर शुद्ध करणारं उपकरण कामचुकारपणा करू लागलं, की हाच क्रमांक येतो. ज्या अमेरिकन अभियंत्यांनी ही यादी केली, त्यांच्यासमोर आपली भारतीय दंड संहिता उघडी असण्याची शक्यता कमी. तरी आकडा इतका चपखल बसावा? शुद्ध करतो म्हणून सांगायचं, पदरी बसून राहायचं आणि प्रत्यक्षात काही करायचं नाही, याला आपण गेली दीडशेहून अधिक वर्षं चारशेवीसच म्हणत आलो. १ जुलै २०२४पासून नवी न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं. माणसं त्या दिवशी एका रात्रीत चारशेवीसमधून मुक्त झाली. गाड्यांच्या यादीत मात्र अजून दुरुस्ती झालेली नाही.

"आता काय करायचं?"

"काही नाही. कोड उडवून देतो."

त्यांनी एक बटण दाबलं, दिवा विझला. गुन्हा तसाच राहिला, नोंद खोडली गेली. मी पैसे दिले. अजिंठा चौफुली ओलांडताना मी निष्कलंक गाडीचा मालक होतो, आठवडा तसाच सुखात गेला आणि मग एका सकाळी मोटार पुन्हा चालू झाली. मिस्तरींनी पुन्हा उडवली. पुन्हा चालू झाली. या गाडीच्या संगणकाचा एक नियम आहे: लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष सापडला तर दिवा लावायचा, आणि लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर आपण होऊन विझवायचा. संशयाचा फायदा आरोपीला एकदा, सुधारण्याची संधी तीनदा. आपल्या न्यायव्यवस्थेपेक्षा हा नियम मला जास्त स्वच्छ वाटतो. निकालही लवकर लागतो.

ज्या उपकरणावर हा आळ आला ते गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये असतं. कॅटलिटिक कन्व्हर्टर. बाहेरून पाहिलं तर पत्र्याचा डबा; आत चिनी मातीसारख्या पदार्थाची बारीक बारीक छिद्रांची जाळी; आणि त्या जाळीवर अगदी थोडा, काही ग्रॅमच, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांचा लेप. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या लेपावरून जाताना बऱ्याच प्रमाणात निरुपद्रवी होतात. त्याच्या अलीकडे एक सेन्सर, पलीकडे एक. अलीकडचा सतत वरखाली होत राहतो, पलीकडचा शांत असायला हवा. पलीकडचाही अलीकडच्यासारखाच नाचू लागला, की संगणक समजतो: मधला माणूस काम करत नाही. सरकारी कार्यालयांत ही दोन सेन्सरांची पद्धत अजून आलेली नाही, ते एका परीनं बरंच आहे.

मौल्यवान धातूंचा विषय निघाला आणि जळगावकर गप्प बसला, असं होत नाही. सोनं घ्यावं तर जळगावचं, हे मुंबई-पुण्याचे लोकही मानतात. सराफ बाजारातल्या एका ओळखीच्यांना मी सहज सांगितलं की, माझ्या गाडीत थोडं रोडियम आहे. त्यांनी चहा मागवला. रोडियम त्यांना चांगलंच ठाऊक. चांदीच्या आणि पांढऱ्या सोन्याच्या दागिन्यांवर त्याचंच पॉलिश चढतं. २०२१मध्ये या धातूचा भाव सोन्याच्या कित्येक पटींनी वर गेला होता, हेही त्यांनीच सांगितलं. जाताना ते दुकानाच्या पायऱ्या उतरून गाडीपर्यंत आले आणि खाली वाकून पाहिलं. आमच्या घरातल्या कुठल्याही दागिन्याकडे त्यांनी इतक्या आदरानं कधी पाहिलं नव्हतं.

हा आदर चोरांनाही आहे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मधली काही वर्षं ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जात होते. सकाळी गाडी सुरू केली की ट्रॅक्टरासारखा आवाज, खाली पाहावं तर नळी कापलेली. चोर त्यातल्या जाळीची माती काढून विकायचे. गाडीत टेप, बॅटरी, स्टेपनी सगळं जागच्या जागी, फक्त माती गायब. घरफोडीत चोरांनी तिजोरी सोडून चुलीतली राख नेली, असं आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी आम्हालाच वेड्यात काढलं असतं. मी मात्र तेव्हापासून रात्री गाडी भिंतीला चिकटून लावतो. पत्नीचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आहेत आणि माझे अंगणात.

मिस्तरींना मी एकदा खनपटीलाच बसलो की, हे उपकरण काम का करत नाही? तेव्हा दोन कारणं कळली. पहिलं कारण म्हणजे ते थंड राहतं. हा लेप साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापला तरच काम सुरू करतो. आमचं जाणं-येणं घर ते भाजीबाजार, बाजार ते दवाखाना. तो तापायच्या आत आम्ही पोहोचलेलो असतो. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, डांबर चपलेला चिकटतं, माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन हिंडतात, आणि अशा गावात 'पुरेशी तापत नाही' म्हणून तक्रार असलेली एकच वस्तू आहे, ती माझ्या गाडीखाली लटकलेली आहे.

दुसरं कारण मिस्तरींनी आवाज खाली आणून सांगितलं. "सर, राग मानू नका. गाडी पिते."

"पेट्रोल?"

"ऑइल."

इंजिनाच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर चढतं, पेट्रोलबरोबर जळतं, आणि त्यातल्या फॉस्फरसचा थर त्या मौल्यवान जाळीवर बसत जातो. एकेकाळी हेच काम पेट्रोलमधलं शिसं करायचं. म्हणून तर १९९५मध्ये चार महानगरांत नव्या मोटारींना हे उपकरण सक्तीचं करताना तिथे शिसंविरहित पेट्रोलही द्यावं लागलं, आणि १ फेब्रुवारी २०००पासून देशभरातलं शिसं गेलं. शिसं सरकारच्या हातात होतं, ते सरकारनं काढलं. रिंगा माझ्या हातात आहेत. म्हणजे नवं उपकरण घालूनही उपयोग नाही. इंजिन पीत राहिलं तर नवंही काही दिवसांत चारशेवीस होणार. इंजिन उघडून काम करायचं आणि वर नवं उपकरण टाकायचं तर मिस्तरींनी सांगितलेला आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या इतका जवळ होता की, गाडी विकून आलेल्या पैशांत ती दुरुस्त करता आली असती.

रोगाचं मूळ इतकं स्वच्छ कळल्यावर मुळाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. सगळे दिव्याकडे वळले.

"गाडी जरा हायवेला दामटा," मिस्तरी म्हणाले. "धुळ्याला जाऊन या. कार्बन जळून जाईल." पत्नीचं माहेर धुळ्याचं. इतक्या वर्षांत तिला माहेरी नेण्याचं याहून शास्त्रीय कारण मला सापडलं नव्हतं. "तुझी आठवण येते म्हणून आई बोलावते, तेव्हा जमत नाही. कार्बन जाळायचा म्हटल्यावर मात्र जमतं," असं म्हणत ती गाडीत बसली.

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला, विद्यापीठाची टेकडी मागे पडली. पाळधी, एरंडोल. या रस्त्याला पूर्वी सहा नंबर म्हणायचे, आता त्रेपन्न म्हणतात. चौपदरीकरण इतकी वर्षं चाललं की, त्या काळात बालवाडीत गेलेली पोरं इंजिनिअर होऊन बाहेर पडली. पण आता रस्ता बराच मोकळा आहे आणि संगणकाला हवा तो एकसारखा वेग इथे मिळतो. जळगाव शहरात आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली या टापूत एकसारखा वेग फक्त ताशी शून्य किलोमीटर असतो. पारोळ्याच्या अलीकडे काटा स्थिर होता, गाडी गुणगुणत होती, आणि पारोळा बसस्थानकापाशी तिसऱ्यांदा चहाला थांबून पुन्हा गाडी सुरू केली तो दिवा विझलेला! मी पत्नीला टाळी मागितली. तिनं दिली नाही. "मुकटीपर्यंत थांबा," म्हणाली. मुकटीला थांबून पुन्हा गाडी सुरू केली, दिवा नव्हताच. फागणे गेलं. धुळ्यात शिरताना पुढे एक काळी-पिवळी जीप चालली होती. तिच्यात माणसं किती होती ते मोजता येईना, कारण जीपच दिसत नव्हती. मागे काळ्या धुराचा पडदा होता आणि पडद्यातून माणसांच्या कोपरांची टोकं बाहेर आलेली. आम्ही काचा वर घेतल्या. त्या धुरातून बाहेर पडलो आणि त्याच क्षणी माझ्या काट्याखाली दिवा लागला.

तिथं मला या सगळ्या व्यवहारातला मोठा अन्याय लख्ख कळला. ज्यांचा धूर दिसतो त्यांना दिवा नाही, आणि ज्याला दिवा आहे त्याचा धूर दिसत नाही. केळीचा ट्रक चढावर गेला की मागच्या गाडीवाल्याचा पांढरा सदरा करडा होतो. पण त्या ट्रकच्या चालकाला कुणी सकाळ-संध्याकाळ टोचत नाही. तो देवाचं नाव घेतो आणि गिअर टाकतो. माझ्या गाडीतून बाहेर पडतं ते वास नसलेलं, रंग नसलेलं. शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून मीच तेवढा अपराधी.

धुळ्यात आमचे शालक. ते गाडीच्या बाबतीत डॉक्टर नाहीत, वैद्य आहेत: औषधं त्यांच्याकडे तयार असतात. "दाजी, टाकीत ही बाटली ओता," म्हणत त्यांनी कपाटातून एक निळं रसायन काढलं. ओतलं. मग त्यांच्या मित्राच्या ओळखीच्या एका उस्तादांकडे आम्ही गेलो. आग्रा रोडला लागून असलेल्या गल्लीत त्यांचं दुकान. उस्ताद अहिराणीत बोलत होते, आणि माझ्या मते यांत्रिकी विषयावर यापेक्षा स्वच्छ भाषा उपलब्ध नाही.

"काय तकलीफ शे?"

मी म्हटलं, "दिवा लागतो."

"गाडी पयस ना?"

"पळते."

"मंग तो दिवा काय तुमनाजोडे पेट्रोल मांगस का?"

मी विचारात पडलो. दिव्यानं पेट्रोल मागितलं नव्हतं हे खरंच होतं.

"लागू द्या तेले," म्हणून त्यांनी विषय संपवला. पण शालकांची भीड होती, म्हणून मग त्यांनी तीन इलाज सांगितले. पहिला इलाज म्हणजे डबा कापून आतली जाळी फोडून काढायची आणि डबा पुन्हा जोडायचा: बाहेरून सायलेन्सर, आतून पोकळ बांबू. गाडी वाऱ्यासारखी पळेल, आणि मातीचे पैसे वरून मिळतील. दुसरा इलाज म्हणजे पलीकडच्या सेन्सरखाली एक लांब नळी बसवायची, म्हणजे धूर त्याच्यापर्यंत नीट पोहोचतच नाही आणि तो 'सगळं ठीक आहे' म्हणत राहतो. साक्षीदाराला प्रसंगापासून चार बोटं लांब उभं करण्याची ही युक्ती ऐकून माझ्या वकील मित्रानं नंतर उस्तादांचा पत्ता मागितला. तिसरा इलाज सर्वांत स्वस्त होता. काट्यांची पाटी उघडायची आणि बल्बच काढून टाकायचा.

"आते तो लागावच नही," उस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात एखादा जुनाट आजार कायमचा बरा करणाऱ्याचं समाधान होतं.

मी तिन्ही नको म्हटलं. पहिले दोन बेकायदा आहेत म्हणून नाही म्हटलं, असं मी लोकांना सांगतो. आणि बल्ब काढायला नाही म्हटलं, कारण बल्ब काढायला ते जेवढे मागत होते तेवढ्यात नव्या बल्बांची पेटी आली असती. त्या रात्री सासुरवाडीला कळण्याच्या भाकरीबरोबर शेवभाजी होती. तिचा तवंग लाल होता, डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून धूर आला, आणि कुणाच्याही पोटातला दिवा लागला नाही.

परत आल्यावर पीयूसीची मुदत संपत आली होती. बीएस-४ गाडीला हा दाखला वर्षभर चालतो, त्याआधीच्या जातींना सहा महिने. २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यात या प्रकरणी दहा हजारांपर्यंत दंड लिहिला आहे, त्यामुळे दिव्याकडे दुर्लक्ष करणारा माणूसही दाखल्याकडे करत नाही. पूर्वी हा दाखला फार आटोपशीर मिळायचा. पेट्रोल पंपाच्या कडेला व्हॅन उभी असायची. गाडी न नेता नुसता नंबर सांगितला तरी गाडीचा धूर स्वच्छ निघायचा. हल्ली नंबर प्लेटचा फोटो निघतो, नोंद थेट परिवहन खात्याच्या संगणकावर जाते. माझी गाडी दिवा लावूनच रांगेत उभी राहिली. मला धाकधूक होती. केंद्रावरचा मुलगा आला, नळीत सळई घातली, दुसऱ्या हातानं मोबाइलवर चित्रफीत बघत राहिला. बीएस-४च्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालतो. माझी गाडी त्याच्या आत बसली. पास!

"अरे, पण दिवा लागलाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे का निघालं ते मला कळलं नाही. पत्नीनं मला चिमटा काढला.

मुलगा चकित झाला. "काका, दिव्याची परीक्षा नसते इथे. धुराची असते."

"दिवा धुराचाच आहे."

"हो, पण आमच्या मशीनला तो दिसत नाही."

तो खरं बोलत होता. उभ्या, तापलेल्या गाडीत निम्मी मेलेली जाळीही काम चालवून नेते; शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडं त्या यंत्राच्या अभ्यासक्रमातच नाहीत. म्हणजे आता माझ्याकडे एकाच गाडीची दोन प्रमाणपत्रं होती. शासनाच्या कागदावर गाडी स्वच्छ, गाडीच्या स्वतःच्या मते गाडी चारशेवीस. आपल्याकडे नेहमी उलट असतं. ज्याच्यावर ठपका असतो तो म्हणतो मी निर्दोष, आणि कागद त्याच्याविरुद्ध असतो.

मन खट्टू झालं की मी जर्मनीचा विचार करतो. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं फोक्सवॅगनला नोटीस दिली. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल मोटारींमध्ये असं सॉफ्टवेअर होतं की, परीक्षा चालू आहे हे गाडीला कळायचं. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे आपण प्रयोगशाळेत आहोत! मग ती शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीच्या मागे यंत्र बांधून ती रस्त्यावर हिंडवली, तेव्हा हे उघड होऊ लागलं. इथे आपल्या हरित लवादानंही २०१९मध्ये कंपनीला पाचशे कोटींचा दंड सुनावला. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या वसुलीला स्थगिती दिली. धुळ्याच्या उस्तादांना मी हे फोनवर सविस्तर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला: इतका खर्च करण्यापेक्षा त्यांनी बल्ब का काढला नाही?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्यातच आपल्या सगळ्या मोहिमेचं सार आलं. मिस्तरींनी नोंद पुसली, शालकांनी बाटली ओतली, उस्तादांनी बल्बाला हात घातला, केंद्रातल्या मुलानं दाखला दिला. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं, आणि रिंगांना कुणी शिवलं नाही. खरं सांगणारा एक पिवळा ठिपका आणि त्याला विझवायला झटणारी पाच-सात कर्तबगार माणसं, असा हा सामना आहे. ठिपका अजून टिकून आहे, म्हणजे जर्मन नसला तरी तो मजबूत आहे.

शेवटी घरात बैठक बसली. गाडी २०२९ला पंधरा वर्षांची होईल. मग नोंदणीच्या नूतनीकरणाला जुन्या सहाशेऐवजी पाच हजार भरायचे, वर महाराष्ट्र सरकारचा पर्यावरण कर, शिवाय तपासणीची रांग. त्यापेक्षा आताच विकावी, असा ठराव एकमतानं झाला. विरोधात एकटा मी होतो आणि माझं मत मोजलं गेलं नाही. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे एक गृहस्थ धुळ्याहून आले. गाडीभोवती फिरले, दरवाजे आपटून पाहिले, टायरला लाथ मारली, सीटखाली बोट फिरवून वास घेतला. मग आत बसले आणि किल्ली फिरवली. मोटार चालू झाली.

मी घसा खाकरला. "तेवढं ते... ते मी आधीच सांगणार होतो."

"राहू द्या, राहू द्या!" त्यांचा चेहरा उजळला. "भाऊसाहेब, आमचा धंदा आहे. किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागलाच नाही तर आम्ही आधी बल्ब आहे का ते बघतो. दहातल्या निम्म्या गाड्यांत नसतो. तुमचा आहे! आत जाळी पण शाबूत असणार. तुम्ही काही लपवलेलं दिसत नाही. या भागात अशी प्रामाणिक गाडी मिळत नाही."

माझा ऊर भरून आला. पत्नीकडे मी विजयी मुद्रेनं पाहिलं. "मग किंमत किती धरता?"

त्यांनी आकडा सांगितला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच कमी होता.

"अहो, पण प्रामाणिक गाडी आहे म्हणालात ना?"

"म्हणून तर," ते म्हणाले. "प्रामाणिकपणाचे पंचवीस हजार कापले."